मेडिकल लॅबसाठी मुक्तस्रोत डेटा सायन्सची साधने : ठाण्यातील एका लॅबमधील वर्षभराच्या वापरानंतर

लघवीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत एका फील्डमध्ये दोन ते चार पस सेल्स दिसल्या की आमच्या रिपोर्टवर ‘२-४’ असे लिहिले जाते. मागच्या वर्षी वार्षिक आढाव्यासाठी मी लॅबच्या सॉफ्टवेअरमधून तीन महिन्यांचे निकाल बाहेर काढले, ती फाइल वर्षानुवर्षांच्या सवयीने एक्सेलमध्ये उघडून जतन केली, आणि त्या रकान्यात जागोजाग २ एप्रिल ही तारीख उमटलेली दिसली. हा बदल केवळ दिसण्यापुरता नसतो. एक्सेल तारखा १९०० सालापासूनच्या दिवसांच्या क्रमांकाने साठवत असल्यामुळे मूळ निकाल पुसला जाऊन त्याच्या जागी ४५,७४९ (२ एप्रिल २०२५ चा क्रमांक) असा आकडा बसतो आणि मूळ नोंदीकडे परत गेल्याशिवाय तो दुरुस्त होत नाही. त्याच फाइलमध्ये बारकोडच्या सुरुवातीचे शून्य गळाले होते, आणि टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीचे ‘०.०१ पेक्षा कमी’ असे निकाल आकडा नसून मजकूर आहेत म्हणून सरासरीतून निमूटपणे वगळले गेले होते. रुग्णांचे रिपोर्ट त्यापूर्वीच योग्य रीतीने गेलेले असल्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु त्या फाइलवर आधारलेला आढावा मी लॅबची गुणवत्ता तपासायला येणाऱ्या परीक्षकांपुढे ठेवणार होते, ही गोष्ट मला फार लागली.

मी ठाण्याच्या पाचपाखाडी भागातील एका मध्यम आकाराच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे आणि गुणवत्तेची जबाबदारी माझ्याकडे आहे. घोडबंदर रोडवरील दोन आणि ऐरोली व कोपरखैरणे येथील एकेक अशी चार कलेक्शन सेंटर्स आम्हाला नमुने पाठवतात. संख्याशास्त्राचे महागडे सॉफ्टवेअर दरवर्षी विकत घेण्याची आमची ऐपत नाही, आणि संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले कोणी आमच्याकडे नोकरीलाही नाही. त्या प्रसंगानंतर वर्षभर मी विनामूल्य मिळणारी मुक्तस्रोत (ज्यांची आतली सूत्रे कोणालाही वाचता येतात अशी) साधने लॅबच्या खऱ्या कामासाठी वापरली. ठाणे-नवी मुंबईत आमच्यासारख्या अनेक लॅब आहेत. त्यांतील बायोकेमिस्ट, मायक्रोबायोलॉजिस्ट आणि टेक्निशियन यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

एक्सेलचा हा प्रश्न केवळ छोट्या लॅबपुरता नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ पॉझिटिव्ह निकालांची नोंद काही दिवस रोजच्या आकडेवारीतून आणि संपर्कशोधाच्या यादीतून निसटली, कारण लॅबकडून आलेल्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात होत्या आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. ज्या साधनात माणसाने काय केले आणि साधनाने परस्पर काय केले हे मागाहून पाहता येत नाही, त्याच्यावर निकालांचा आढावा बेतू नये, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले.

मी सर्वाधिक वेळ दिला तो ‘आर’ या संगणकभाषेला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती तयार केली, तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली, आणि आज तिच्या मुख्य भांडारात २० हजारांहून अधिक पॅकेजेस (विशिष्ट कामांसाठीच्या तयार जोडण्या) विनामूल्य उपलब्ध आहेत. तिच्याबरोबर आरस्टुडिओ हा लिहिण्याचा फलकही विनामूल्य मिळतो. आठ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर आमचे वर्षभराचे निकाल ती सहज हाताळते. पहिले तीन आठवडे कठीण गेले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एक स्वल्पविराम राहिला तरी काम अडते आणि चूक झाल्याचा जो संदेश येतो तो सुरुवातीला काहीच सांगत नाही. चौथ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट ध्यानात आली आणि त्यानंतर मला ही भाषा परकी वाटली नाही. आरमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) म्हणजे एसओपीच, कामाची ठरलेली लेखी पद्धतच, असते. फाइल कोठून घ्यायची, कोणता रकाना मजकूर म्हणून वाचायचा, ‘हिमोलाइज्ड’ (लाल पेशी फुटलेला नमुना) किंवा ‘नमुना अपुरा’ अशा नोंदींचे काय करायचे, सरासरी कशाची काढायची, हे सगळे त्यात पायरीपायरीने लिहिलेले राहते. मी रजेवर असले तरी दुसरी व्यक्ती तीच स्क्रिप्ट चालवून तेच उत्तर मिळवू शकते, आणि परीक्षकांनी हा आकडा कसा आला असे विचारले तर आठवणीवर विसंबून उत्तर देण्याची वेळ येत नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्यांच्या हाताला ही शिस्त आधीपासूनच असते. किटमधल्या माहितीपत्रकाप्रमाणे पायऱ्या पाळणारा टेक्निशियन आर शिकण्याच्या अर्ध्या वाटेवर असतोच, असे मी आता आमच्याकडील मुलांना सांगते.

एक सूचना येथेच करते. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) थेट आरमध्ये वाचावी. ती आधी एक्सेलमध्ये उघडून जतन केली असेल, तर पस सेल्सची तारीख झालेलीच असते आणि पुढे कोणतेही साधन ती परत फिरवू शकत नाही.

पहिला खरा उपयोग क्यूसीसाठी, म्हणजे ज्ञात मूल्याचे कंट्रोल नमुने लावून यंत्राची अचूकता तपासण्यासाठी, झाला. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये मांडलेला आलेख आणि वेस्टगार्ड यांचे १९८१ चे नियम आपण सगळेच रोज वापरतो, तरी अनेक ठिकाणी अॅनालायझर जो आलेख दाखवतो त्याच्या पलीकडे कोणी जात नाही. आरमध्ये ‘क्यूसीसी’ नावाचे नियंत्रण-आलेखांचे एक जुने पॅकेज आहे आणि नावावरून ते आपल्यासाठीच असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते कारखान्यातील उत्पादनाच्या दृष्टीने रचलेले आहे. एकेका मूल्याचा आलेख काढताना ते प्रमाण विचलन लागोपाठच्या दोन मूल्यांतील फरकांवरून काढते. लॅबमध्ये कॅलिब्रेशन, रिएजंटचा नवा लॉट आणि सावकाश सरकत जाणारी मूल्ये यांमुळे येणारा चढउतार त्या हिशेबात पुरता येत नाही, म्हणून मर्यादा गरजेपेक्षा अरुंद होतात आणि विनाकारण धोक्याचे बिंदू दिसू लागतात. माझा पहिला आलेख असाच लाल ठिपक्यांनी भरला होता आणि दोन दिवस मी अॅनालायझरवर संशय घेत राहिले. आपल्या लॅबची स्वतःची सरासरी आणि प्रमाण विचलन बाहेरून पुरवले की ते पॅकेज योग्य आलेख काढते. तरीही वेस्टगार्डचे सगळे नियम त्यात तयार मिळत नाहीत, म्हणून शेवटी मी ‘डीप्लायर’ आणि ‘जीजीप्लॉट२’ या दोन सर्वपरिचित पॅकेजांच्या साहाय्याने सुमारे चाळीस ओळींची स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. आता महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या पॅरामीटर्सचे सीव्ही (मूल्यांचा विखुरलेपणा), बायस (खऱ्या मूल्यापासूनचा सततचा फरक) आणि सिग्मा (गुणवत्तेचा निर्देशांक) काही सेकंदांत मिळतात. पूर्वी या कामाला माझे दोन पूर्ण दिवस जात असत आणि दुसऱ्या दिवशी दमलेल्या डोळ्यांनी केलेली बेरीज कोणी तपासत नसे.

दुसरा उपयोग नवा अॅनालायझर आला तेव्हा झाला, आणि या वर्षातले सर्वांत मोलाचे शिक्षण मला त्यातून मिळाले. जुन्या आणि नव्या यंत्रावर चाळीस नमुने लावून तुलना केली, की पुरवठादाराचा अभियंता सहसा सहसंबंध गुणांक ०.९९ आला असे कागदावर दाखवतो आणि आपण समाधानाने सही करतो. परंतु नवे यंत्र प्रत्येक नमुन्याला दहा टक्के जास्त मूल्य देत असेल, तरीही तो गुणांक तितकाच सुरेख येतो. दोन पद्धती एकमेकींशी जुळतात का, या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. ब्लँड आणि अल्टमन यांनी १९८६ मध्ये हे फार स्पष्टपणे दाखवून दिले होते. आरमधील ‘एमसीआर’ हे पॅकेज नेमके या कामासाठी आहे. रॉश डायग्नोस्टिक्समधील संख्याशास्त्रज्ञांनी ते तयार केले आणि सर्वांसाठी खुले केले. पासिंग-बाब्लॉक आणि डेमिंग या दोन्ही पद्धतींची समाश्रयण रेषा (दोन यंत्रांच्या मूल्यांतील नाते दाखवणारी रेषा), तिचा उतार आणि छेद, त्यांच्या विश्वास-मर्यादा आणि निर्णायक पातळीवरचा अपेक्षित बायस हे सगळे त्यातून मिळते. उताराच्या मर्यादांत १ आणि छेदाच्या मर्यादांत ० सामावतो का, हे पाहायला आमच्या सर्वांत नव्या टेक्निशियनलाही एका दुपारी शिकवता आले. आमच्या तुलनेत क्रिएटिनिनची रेषा उत्तम जुळली, अल्कलाइन फॉस्फेटेजची मात्र जुळली नाही. सहसंबंध गुणांकाच्या भरवशावर राहिलो असतो, तर ते कोणाच्याही लक्षात आले नसते. या एका पॅकेजसाठी आर शिकावी लागली तरी शिकावी, इतके माझे त्याच्याविषयी चांगले मत आहे.

‘रिफाइनआर’ या पॅकेजविषयी माझे मत इतके सरळ नाही. संदर्भ मर्यादा (निरोगी माणसांत अपेक्षित मूल्यांची कक्षा) ठरवण्यासाठी सीएलएसआय या लॅबसाठी मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १२० निरोगी व्यक्तींचे नमुने लागतात; दुसऱ्याच्या मर्यादा पडताळून पाहायच्या असतील तर २० व्यक्ती पुरतात आणि त्यांपैकी दोनपेक्षा अधिक मर्यादेबाहेर जाऊ नयेत अशी अट असते. बहुतेक लॅब दुसरा मार्गही नीट पाळत नाहीत आणि किटच्या माहितीपत्रकातील परदेशी मर्यादा तशाच छापतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली रिफाइनआरची पद्धत रोजच्या कामातील हजारो निकालांमधून निरोगी गटाचे वितरण गणिताने वेगळे काढते आणि त्यावरून मर्यादा सुचवते. ही कल्पना मोहक आहे आणि सोडियम व कॅल्शियमसाठी आमच्या निकालांवर तिने समजण्याजोगी उत्तरे दिली. परंतु निकालांतील मोठा गट निरोगी लोकांचा आहे, या गृहीतकावर ती उभी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा समाजातील स्त्रियांच्या हिमोग्लोबिनच्या निकालांवर ही पद्धत चालवली, तर आजारपणालाच आपण सामान्य ठरवून बसू. व्हिटॅमिन डीच्या बाबतीतही मला हीच भीती वाटते. साधन निर्दोष आहे, पण ते कोठे वापरू नये याचा निर्णय आपल्या माणसांची प्रकृती ओळखणाऱ्या पॅथॉलॉजिस्टनेच घ्यायला हवा.

विनामूल्य साधनांवर विश्वास कसा ठेवायचा, असे आमच्या संचालकांनी पहिल्याच बैठकीत विचारले होते, आणि तो प्रश्न रास्त होता. आर सुरू करताना प्रत्येक वेळी पडद्यावर स्वच्छ लिहून येते, की या सॉफ्टवेअरची कोणतीही हमी दिलेली नाही. त्यामुळे हमी आपणच निर्माण करावी लागते. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत माहिती हाताळणाऱ्या प्रणाली वापरात आणण्यापूर्वी पडताळून घेण्याची अपेक्षा आहेच, आणि एक्सेलच्या स्वतः बनवलेल्या सूत्रांनाही ती तितकीच लागू पडते, याचा विसर पडतो. आम्ही प्रत्येक स्क्रिप्टसाठी २० मूल्यांचा एक छोटा संच कॅल्क्युलेटरवर सोडवला, स्क्रिप्टच्या उत्तराशी ताडून पाहिला आणि दोघांच्या सह्यांनिशी फाइलला लावला. पॅकेजची नवी आवृत्ती आली की हीच चाचणी पुन्हा करतो आणि कोणत्या आवृत्तीवर गणित झाले हे अहवालात नोंदवतो. मुक्तस्रोत असल्याचा खरा लाभ येथे समजतो: शंका आली तर सूत्र उघडून वाचता येते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच शंकेसाठी मी एकदा कंपनीच्या मदत-केंद्राला पत्र लिहून पाच आठवडे उत्तराची वाट पाहिली आहे.

शिकण्याच्या साधनांपैकी पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प मला आपल्या लोकांसाठी सर्वांत योग्य वाटला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला आपले सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जाण्याची पद्धत, आणि भारतीय भाषांतील निवेदन, अशी त्याची रचना आहे. मराठीतही काही विषयांचे धडे आहेत. आमच्याकडील ज्या टेक्निशियनचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, त्यांनी इंग्रजी चित्रफिती अर्ध्यावर सोडल्या. हे धडे मात्र त्यांनी पूर्ण केले. अधिक खोलात जायचे असेल त्यांच्यासाठी स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावर आयआयटी मद्रासचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, त्यात आरचाच वापर केला आहे. तो विनामूल्य ऐकता येतो, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क भरावे लागते. उणीव एवढीच, की या अभ्यासक्रमांतील उदाहरणे अभियांत्रिकीची किंवा व्यापाराची असतात. कंट्रोलचा लॉट, हिमोलायसिस, डेल्टा चेक हे शब्द त्यांत कोठेही येत नाहीत, आणि मराठीत तर लॅबच्या माणसासाठी डेटा सायन्सचा एकही सुसूत्र धडा माझ्या हाती लागला नाही. ही पोकळी आपल्यापैकीच कोणीतरी भरायला हवी.

ज्यांना आज्ञा टाइप करायच्याच नाहीत त्यांच्यासाठी ‘जामोवी’ चांगले आहे. दिसायला ते स्प्रेडशीटसारखे असून आतून आरवर चालते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी कोणाच्याही मदतीविना पहिल्याच दिवशी त्यात ब्लँड-अल्टमन आलेख काढला. आपण माउसने जे केले त्याची आरमधील आज्ञा ते मागितल्यास दाखवते, त्यामुळे शिकणाऱ्यालाही त्याची मदत होते. पायथन ही दुसरी संगणकभाषा आणि ती लिहिण्याची ज्युपिटर ही संगणकावरची वही यांचा मी दोन महिने अभ्यास केला. प्रतिमांवर काम करायचे असेल तर तीच वाट धरावी. पण क्यूसी, पद्धतींची तुलना आणि संदर्भ मर्यादा या लॅबच्या नित्याच्या गरजांसाठी आरमध्ये तयार साहित्य कितीतरी अधिक आहे.

मायक्रोबायोलॉजीच्या सहकाऱ्यांसाठी दोन साधनांची नावे घ्यायला हवीत. ‘व्होनेट’ हे जागतिक आरोग्य संघटनेच्या बोस्टन येथील सहयोगी केंद्राने १९८९ पासून विकसित केलेले सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या प्रतिजैविक-प्रतिरोध जाळ्यातील लॅब तेच वापरतात. म्हणून ज्यांना त्या जाळ्याशी जुळवून घ्यायचे आहे त्यांना त्याला पर्याय नाही. त्याचा पडदा जुन्या काळचा वाटतो, परंतु कामाला ते पक्के आहे. दुसरे म्हणजे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात तयार झालेले आरचे ‘एएमआर’ हे पॅकेज. त्याला पन्नास हजारांहून अधिक सूक्ष्मजीवांची नावे ठाऊक आहेत, आणि ‘ई. कोलाय’ हे नाव आमच्या नोंदींत पाच-सहा प्रकारांनी लिहिलेले असतानाही त्याने ते सगळे एकाच जीवाखाली आणले. वार्षिक अँटिबायोग्राम (कोणत्या जीवाणूवर कोणते प्रतिजैविक किती चालते याचा तक्ता) करताना एका रुग्णाचा एका जातीचा पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवलेला जीवाणू) धरावा आणि ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर टक्केवारी देऊ नये, असे सीएलएसआयचे मार्गदर्शन आहे. हाताने यादी करताना हा पहिला नियम हमखास मोडतो, कारण अतिदक्षता विभागातील एकाच रुग्णाचे पुनःपुन्हा आलेले कल्चर वेगवेगळे मोजले जातात आणि प्रतिरोध आहे त्यापेक्षा अधिक दिसतो. हे पॅकेज ती निवड स्वतः करते. नवी मुंबईतील ज्या रुग्णालयांचे कल्चर आमच्याकडे येतात त्यांच्यासाठी या वर्षीचा अँटिबायोग्राम आम्ही याच पद्धतीने दिला, आणि मागच्या वर्षीच्या आमच्याच तक्त्यापेक्षा तो वेगळा का आहे, हे प्रत्येक डॉक्टरांना समजावून सांगितले.

सरावासाठी खुले विदासंच भरपूर आहेत. बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या नोंदींचा ‘मिमिक-४’ हा प्रचंड संच मिळवण्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. त्यातील १०० रुग्णांचा नमुना-संच मात्र सर्वांना खुला आहे आणि लॅबच्या निकालांत किती गोंधळ असू शकतो हे शिकायला तेवढा पुरतो. मला सर्वांत जवळचा वाटला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने खुला केलेला मलेरियाच्या पेशींचा संच. त्यात गिम्सा रंगवलेल्या पातळ स्मिअरमधील २७,५५८ पेशींच्या प्रतिमा आहेत, निम्म्या परजीवीग्रस्त आणि निम्म्या निरोगी, आणि मूळ स्लाइड्स बांगलादेशातील चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातील आहेत. मायक्रोस्कोपच्या आयपीसला स्मार्टफोन लावून त्या टिपल्या आहेत, म्हणजे आपल्या कोणत्याही लॅबला जमेल अशा रीतीने. पावसाळ्यात ठाण्यात तापाच्या रुग्णांची रांग लागते तेव्हा आम्ही स्वतः ज्या स्लाइड्स पाहतो, त्यांच्याशी या प्रतिमांचे साम्य आमच्या मुलांना लगेच जाणवले. त्यावर तयार केलेले प्रारूप निदानासाठी वापरण्याचा विचारही मनात आणू नये, कारण तो संच फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीचा आहे आणि आपल्याकडे व्हायवॅक्स हा दुसरा परजीवीही येतो. नव्या टेक्निशियनची नजर तयार करायला मात्र तो फार उपयोगी आहे.

संकेतांकांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. अमेरिकेतील रिगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून विकसित केलेली ‘लॉइंक’ ही तपासण्यांच्या संकेतांकांची पद्धत विनामूल्य वापरता येते. उदाहरणार्थ, सीरम किंवा प्लाझ्मामधील ग्लुकोजचा संकेतांक २३४५-७ असा आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी लॅब जोडायची असेल तर हे संकेतांक उपयोगी पडतात, आणि ‘स्नोमेड सीटी’ ही दुसरी पद्धतही भारतात पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्रामार्फत विनामूल्य मिळते. आम्ही आमच्या सर्वाधिक मागणी असलेल्या तपासण्यांना लॉइंक लावून घेतले. काम कंटाळवाणे आहे. पण आमच्या यादीत ‘शुगर’, ‘एफबीएस’ आणि ‘ग्लुकोज फास्टिंग’ अशी एकाच तपासणीची तीन नावे नांदत होती, हे त्यामुळेच कळले. सगळी लॅब चालवणारी ओपनएलिस किंवा बाह्मनी यांसारखी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर्सही आहेत, परंतु चालू लॅबचे सॉफ्टवेअर बदलणे हे संध्याकाळच्या फावल्या वेळात एका व्यक्तीने करण्याचे काम नव्हे, म्हणून त्यांचा या परीक्षणात मी विचार केलेला नाही.

दोन व्यावहारिक बाबी राहिल्या. आलेखावर मराठी मथळे घालायचे असतील तर आरच्या नेहमीच्या चित्रपद्धतीत जोडाक्षरे फुटू शकतात. ‘रॅग’ हे पॅकेज वापरले की ‘क्रिएटिनिन’ आणि ‘ग्लुकोज’ नीट उमटतात. दुसरी बाब रुग्णांच्या गोपनीयतेची. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा येण्यापूर्वीही हे कर्तव्य आपले होतेच. नाव, मोबाइल क्रमांक आणि पत्ता हे रकाने मी लॅबच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढतच नाही, आणि रुग्णांचे निकाल इंटरनेटवर चालणाऱ्या विनामूल्य संगणक-वहीत चढवायचे नाहीत, असा नियम आम्ही लिहून ठेवला आहे. आर आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवूनही चालते, हा तिचा मोठा गुण आहे. या सगळ्यांसाठी लॅबचा खर्च शून्य रुपये झाला. माझ्या अंदाजे दीडशे संध्याकाळी गेल्या, आणि व्यवस्थापनाने हा वेळ कामाचाच धरावा असे मी आता आग्रहाने मागते.

मागच्या उन्हाळ्यात मी सहज म्हणून पोटॅशियमचे निकाल कलेक्शन सेंटरप्रमाणे वेगळे केले. आरमध्ये हे दोन ओळींचे काम आहे. चारपैकी तीन सेंटर्सची मध्यके (क्रमाने लावलेल्या निकालांतील मधली मूल्ये) एकमेकांना चिकटून होती आणि घोडबंदर रोडवरील एका सेंटरचे मध्यक ठळकपणे वर होते, तेही दुपारच्या खेपेतच. हिमोलायसिसच्या नोंदी तेथे अधिक नव्हत्या, म्हणून रोजच्या पाहणीत कोणाला संशय आला नव्हता. आम्ही जाऊन पाहिले तेव्हा कारण सापडले. कडक उन्हात वाहतूक तुंबली तरी नमुने खराब होऊ नयेत म्हणून तेथील मुलगी सेंट्रीफ्यूज न केलेल्या (यंत्रात फिरवून सीरम वेगळे न काढलेल्या) नळ्या बर्फाच्या पॅकला अगदी टेकवून ठेवत होती. थंडीत लाल पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पेशींमधील पोटॅशियम हळूहळू सीरममध्ये उतरते, त्यामुळे ज्या काळजीने ती हे करत होती त्या काळजीनेच निकाल वाढत होता. तिला कोणी दोष दिला नाही, कारण आमच्या एसओपीत ही बाब स्पष्ट लिहिलेली नव्हती. त्या सेंटरला एक लहान सेंट्रीफ्यूज दिले, जेल ट्यूब फिरवूनच पाठवायची असे ठरवले आणि नळ्या व बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आडोसा आला. पुढच्या दोन महिन्यांत ते मध्यक इतरांच्या रांगेत येऊन बसले. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीच मुलगी फोन करून विचारते, “मॅडम, या महिन्याचं आमचं पोटॅशियम कसं आहे?” आणि मी तिला तिच्या सेंटरचा आलेख पाठवते.